परंतु आणि तथापि

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे आम्ही दोघंच. मुलांनी मला 'परंतु' नाव ठेवलं होतं, त्याला 'तथापि'. दोन्ही नावं इतकी चपखल बसली, की शिपाईसुद्धा "परंतु सर आले का?" असं विचारायचा आणि मी बिनदिक्कत ओ द्यायचो. आमचा विभाग जिन्याखाली होता, मोडक्या बाकांची खोली आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध. दोघांत एक टेबल. त्याचा एक पाय तोकडा, त्याखाली आम्ही नीतिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक सारलं होतं. निदान टेबलाला तरी नीतीचा आधार होता.

दरवर्षी आम्ही मोठ्या हॉलमध्ये 'देव आहे काय?' या विषयावर जाहीर वाद घालायचो. एकानं 'आहे' म्हणायचं, दुसऱ्यानं 'नाही'. त्यात तथापिनं एक नियम घुसडला. दोघांपैकी कुणीही टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, की तिथल्या तिथे, वाक्याच्या मध्यावरच बाजू बदलायची. "ज्याला समोरच्याची बाजू तितक्याच जोरानं मांडता येत नाही, त्याला स्वतःचीही कळलेली नसते," असं तो म्हणायचा. मुलं टाळ्या वाजवायची. आम्हालाही चढायची.

मग ती सवयच लागली. कँटीनमध्ये टकटक, त्याच्या घरी जेवताना टकटक. एकदा माझ्या बायकोचं आणि माझं पडद्यांच्या रंगावरून कडाक्याचं भांडण चालू होतं. तिनं शांतपणे टेबलावर दोनदा बोट वाजवलं. मी नियमाचा पक्का. लगेच पिवळ्या पडद्यांच्या बाजूनं असा काही बोललो, की ते पडदे आजही आमच्या घरात लटकताहेत. अजून डोळ्यांना खुपतात.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र हरवली. मी स्वतः देव मानतो की नाही, हे मला आठवेनासं झालं. एखादी किल्ली नीट जपून ठेवावी आणि कुठे ठेवली तेच विसरावं, तसं. तथापिचंही तेच झालं असणार. आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. विचारून उपयोग काय, टकटक केली की संपलं.

आणि एका सकाळी दाढी करता करता तथापि पडला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली, वाचा गेली. छोटं इस्पितळ, पुरुषांचा एकच वॉर्ड. दाढी एका गालाची झाली होती, दुसऱ्याची राहिली होती. त्यामुळे पुढे खुंट वाढले तेही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. बेशुद्धीतही बेट्यानं दोन बाजू सोडल्या नव्हत्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. "जिवाचा धोका टळलाय," त्या म्हणाल्या. "पण त्यांना ऐकू येतंय का, समजतंय का, हे अजून सांगता येत नाही. ओळखीच्या विषयावर बोलत राहा. काही प्रतिसाद मिळाला तर उत्तम."

"आणि नाही मिळाला तर?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. मला उत्तर कळलं.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. तथापिची बायको. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"भाऊजी, एक विचारू? हे देव मानतात का हो?"

आयुष्यभर ज्या प्रश्नावर पगार घेतला, तोच प्रश्न. मी घसा खाकरला. "परंतु वहिनी, 'मानणं' म्हणजे नेमकं कुठल्या अर्थानं..."

"तेच! हेही असंच म्हणायचे, म्हणून तर मी विचारायचं सोडून दिलं." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "माझी बहीण म्हणते, चार माणसं आणते, उशाशी बसून मोठ्यानं प्रार्थना करू. आता ह्यांना ऐकू येत असेल आणि हे मानत नसतील, तर आतल्या आत चडफडतील. बोलताही यायचं नाही. आणि मानत असतील अन् मी नाही म्हटलं, तर? तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे. तुम्ही सांगाल तसं करीन."

"उद्या सांगतो," मी म्हणालो. शिवायला टाकलेले कपडे कधी मिळतील म्हणून विचारल्यावर शिंपी म्हणतो ना, अगदी तस्संच.

घरी येऊन मी विचाराला बसलो. सरळ 'मानतो' असं ठोकून द्यावं का? वहिनींना धीर येईल, म्हणजे परिणाम चांगला. पण ते खोटं ठरलं तर? खोटं बोलू नये हे कर्तव्य. बरं, कर्तव्य आणि परिणाम दोन्ही बाजूला ठेवून, अशा वेळी सज्जन माणूस काय करील? मी येरझारा घालत तिन्ही सिद्धांत एकमेकांशी झुंजवत होतो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "वहिनी जेवल्या होत्या का?"

मला माहीत नव्हतं.

"तुम्ही विचारलंत तरी का?"

ते माझ्या तिन्ही सिद्धांतांत कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं दिलेला डबा घेऊन गेलो. तो देऊन वहिनींना बाहेरच्या बाकावर जेवायला बसवलं आणि तथापिच्या खाटेशी स्टूल ओढून बसलो. डोळे मिटलेले, डावा हात चादरीवर. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून एक जाडजूड ट्रकचालक पडला होता. त्याला करमणूक हवीच होती.

माझा बेत साधा होता. तथापिला चुकीचा युक्तिवाद सहन होत नाही, हे मला माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत एका अनोळखी म्हाताऱ्याला त्यानं तर्कदोष समजावून सांगितला होता. म्हणून मी मुद्दाम चाळणीसारखा भोकाभोकांचा युक्तिवाद मांडला.

"हे बघ," मी त्याच्या कानाशी म्हणालो, "प्रत्येक गोष्टीला कारण असतं. म्हणून जगालाही असणार. तेच देव. झालं सिद्ध."

तथापि ढिम्म.

"मग देवाला कुणी केलं?" ट्रकचालक म्हणाला.

मी हुरळून तथापिकडे पाहिलं. बघ, हेसुद्धा विचारतात! काही नाही. पापणीही हलली नाही. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. "जगात दुःख आहे. म्हणून देव नाही. विषय संपला." इतका कच्चा मुद्दा मांडताना माझी मलाच लाज वाटली. एरवी तो तीन वाक्यांत माझी सालपटं काढायचा. मी आवाज चढवला, पुन्हा मांडलं, आणखी वाईट मांडलं.

"मास्तर, हळू," ट्रकचालक म्हणाला. "माझा पाय मोडलाय. डोकं शाबूत आहे, ते तसंच राहू द्या."

सगळे युक्तिवाद संपले होते, चांगले आणि वाईटही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते हेच. समोर माझा मित्र होता, अर्धवट दाढीचा, आणि तो आत आहे की नाही हे मला कळत नव्हतं. मला भयंकर भीती वाटली. जिन्याखालच्या त्या खोलीत टेबलाच्या एकाच बाजूला मी बसलोय आणि समोर कुणी नाही, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटलं. खाटेच्या लोखंडी कठड्यावर मी डोकं टेकवलं.

"देवा," मी म्हणालो, "ह्याला परत दे. सगळा द्यायचा नसेल तर नको देऊस. चालला नाही तरी चालेल, मी उचलून आणीन. फक्त हा आत असू दे. तुझ्याविरुद्ध जे बोललो ते पोटासाठी बोललो. तुझ्या बाजूनं बोललो तेही पोटासाठीच. आता बोलतोय ते मात्र खरं बोलतोय."

एवढ्या बोलण्यात एकदाही 'परंतु' आलं नाही, हे नंतर माझं माझ्याच लक्षात आलं. सवय जात नाही.

टक टक.

कपाळाशी कठडा हलला. मी डोकं वर केलं. तथापिचा डावा हात चादरीवरून कठड्यापर्यंत आला होता आणि त्याचे डोळे उघडे होते. ते सरळ माझ्याकडे बघत होते. तोंडाचा डावा कोपरा वर गेला होता. हा चेहरा मला ठाऊक होता. मी हॉलमध्ये ऐन रंगात आलो की हा असाच दिसायचा.

टक टक. बाजू बदल.

इतक्या वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. पडदे साक्षीला आहेत. माझं तोंड उघडलंसुद्धा. "परंतु..." एवढं बाहेर पडलं आणि मी ते तसंच गिळलं.

"नाही बदलत, जा," मी म्हणालो. "काय करायचं ते कर."

त्यानं पुन्हा वाजवलं. ट्रकचालक "सिस्टर, अहो सिस्टर!" म्हणून ओरडू लागला. वहिनी दारातून धावत आल्या, हातात उघडा डबा.

"वहिनी, समजतंय त्याला!" मी म्हणालो. "सगळं समजतंय. मी बाजू बदलावी म्हणतोय."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या तोंडाकडे. त्यांनी डबा खाटेवर ठेवला. "मग बदला ना, भाऊजी. आजारी माणसाचं मन मोडू नये."

"मोडू दे."

"लहान आहात का?" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "बरं झालं. आता बहिणीला बोलावते. नाही पटलं तर वाजवतील."

तथापि वाजवतच होता, चिडून, जोरजोरात. लोखंडावर त्याची पेरं लाल झाली होती. वहिनींनी आपला तळहात त्याखाली सरकवला. मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो, आणि तो त्यांच्या तळहातावर वाजवत राहिला.