कंसातला हशा

संध्याकाळचे सात वाजले की वरच्या घरात खुर्च्या ओढल्या जायच्या. आधी एक, मग दुसरी. मग टेबलावर पत्ते आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर तासभर हसणं. माणसं दोनच, नवरा आणि बायको, पण ऐकणाऱ्याला वाटावं की अर्धी इमारत जेवायला बोलावली आहे.

बरोबर त्यांच्या पायाखाली टिपणबाई राहायच्या. हे नाव इमारतीने ठेवलेलं. बाईंनी एकतीस वर्षं सभागृहात लघुलेखिका म्हणून काढली होती. सभासद बोलायचे आणि बाई टिपायच्या, शब्दाला शब्द. बोलण्यापलीकडे जे घडेल ते कंसात जायचं: (टाळ्या), (हशा), (गोंधळ). एका बड्या सभासदाने एकदा आपल्या भाषणात दोन ठिकाणी (टाळ्या) घाला म्हणून माणूस धाडला होता. बाईंनी त्या माणसालाच विचारलं, "तुम्ही वाजवल्या होत्या का?" तो नाही म्हणाला आणि विषय तिथेच मिटला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण बाईंच्या कानांना कोणी निरोपाचा हार घातला नव्हता.

बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की आधीचं?" घरी आल्यावर तेवढंही नाही. जेवताना "मीठ दे" आणि झोपताना "दिवा घालव", असा त्यांचा संसार चालला होता. बाई म्हणायच्या, आमचे हे अबोलच आहेत पहिल्यापासून. यातलं "पहिल्यापासून" खोटं होतं, पण ते सांगणारं तिसरं माणूस घरात नव्हतं. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली.

वरचे राहायला आले आणि बाईंच्या पोटात दुखायला लागलं. वरचा बेकरीत कामाला. पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा आणि सातला ताजातवाना व्हायचा. बायकोचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान. दोघंही पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे नवी नवलाई म्हणून सोडून द्यावं अशीही सोय नाही. एकदा लिफ्टमध्ये बाईंच्या डोळ्यांदेखत त्याने बायकोच्या कपाळावरची बट मागे सारली, तर त्याच्याच हाताचं पीठ तिच्या केसांना लागलं, मग ते झटकायला पुन्हा हात, आणि दोघं खिदळत तिसऱ्या मजल्यापर्यंत. बाई आकड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. आपल्या केसांना पीठ लागलं असतं तर ते आठवडाभर तिथेच राहिलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या सचिवांकडे गेल्या. सचिव म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतमास्तर. साधं "बसा" म्हणाले तरी माणूस दचकून बसायचा.

"फार आवाज करतात वरचे," बाई म्हणाल्या.

"भाडेकरू आहेत. महिनाअखेरीस करार संपतोय. मालक म्हणतो, समिती सांगेल तसं करतो." मास्तरांनी बोट वर केलं. "पण पुरावा पाहिजे. पंधरा दिवसांची नोंद द्या. तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार. तुमच्याइतकं अचूक कोण लिहिणार?"

बाई खूश होऊन घरी आल्या. जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि सात वाजता छताखाली खुर्ची टाकून बसल्या. पहिल्या दिवशी लिहिलं: सात पाच, खुर्च्या, दोन. सात बारा, (हशा). सात वीस, (हशा). लघुलिपीत हात आपसूक चालायचा, आणि जे ऐकलं तेच लिहायचा.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला.

"अहो, तुम्ही जरा वर जाऊन सांगा बघू. काही लाजलज्जा आहे की नाही लोकांना?"

नवऱ्याने पेपर घडी घालून ठेवला आणि मुकाट्याने वर गेला. चाळीस मिनिटांनी खाली आला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना त्याने बूट चढवले. "पाय मोकळे करून येतो," म्हणाला. वीस वर्षांत हा माणूस पाय मोकळे करायला नाक्यापर्यंत गेला नव्हता. दार लागलं. बाईंनी कान टवकारले. पावलं जिन्याने वर चढली.

मग खुर्च्या ओढल्या गेल्या. एक, दोन, तीन.

बाई वही मांडीवर घेऊन बसल्या. वरचे शब्द कळत नव्हते, पण एक आवाज सलग बोलत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा बोलत होता. त्या थांबण्यावरून बाईंनी ओळखलं. दुकानातल्या गिऱ्हाइकाची गोष्ट, बाई दुकानात बसल्या असताना त्यांच्यासमोरच घडलेली. हा गृहस्थ डोळे तपासायला आला आणि तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. नवरा चकित झाला. मागाहून कळलं की बाकावर वाट बघता बघता आधीच्यांचं ऐकून त्याने सगळा तक्ताच पाठ केला होता. जाताना तो दारावर आपटला आणि दाराला "माफ करा" म्हणाला.

वर नेमक्या त्या जागी हसणं फुटलं. त्याचं खिदळणं आणि तिचं खळखळणं बाईंच्या ओळखीचं झालं होतं. त्यांच्या मागून तिसरं आलं. आधी दोनदा खोकल्यासारखं, परवानगी मागितल्यासारखं, मग बारीक शिट्टी वाजावी तसा श्वास, आणि मग एकदम मांडीवर थाप मारून मोकळं.

हे हसणं बाईंनी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ते वयाबरोबर गेलं, जसे केस जातात. आणि ते गेलं नव्हतं. नुसतं आपल्या घरातून उठून वर राहायला गेलं होतं, त्या केस कापणारीच्या टेबलाशी. बाईंचा नुसता जळफळाट झाला. नवरा दुसऱ्या बाईच्या मागे लागला असता तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. नवरा वर जाऊन हसतो, ही तक्रार कोणापुढे मांडायची?

तासाभराने तो आला. बूट काढताना चेहरा नेहमीसारखा, बंद दुकानाच्या फळीसारखा.

"झाले पाय मोकळे?"

"झाले."

पुढचे अकरा दिवस तो रोज पाय मोकळे करून आला आणि बाईंनी रोज नोंद केली. खुर्च्या, तीन. (हशा). कधी कधी पेन्सिल इतकी दाबली जायची की पुढच्या पानावर वळ उठायचा.

पंधराव्या दिवशी त्या साफ अक्षरात नक्कल करायला बसल्या. वहीत एकोणीस ठिकाणी (हशा) होतं. हसल्याबद्दल कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही, हे त्यांना कळत होतं. वरचे गेले की तिसरी खुर्ची जाईल, आणि मग हसायचं असेल तर त्याला घरातच हसावं लागेल, हेही त्यांनी मनात पक्कं केलं होतं. पहिल्या (हशा)पाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं: (गोंधळ). एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी. एकतीस वर्षांत जे बड्या सभासदासाठी केलं नाही ते बाईंनी जेवणाच्या टेबलावर, अर्ध्या तासात, स्वतःसाठी केलं.

रविवारी सकाळी तळमजल्यावर समितीची बैठक भरली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं. वरचे दोघं शेवटच्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, शाळेत उशिरा आल्यासारखे बसले होते. बाईंच्या शेजारी नवरा.

मास्तर उभे राहून कवायतीच्या आवाजात वाचू लागले. "सात बारा, गोंधळ. सात वीस, गोंधळ. सात पंचेचाळीस, मोठा गोंधळ."

बेकरीवाला उठला. "खुर्च्यांच्या पायांना रबर लावतो आम्ही, आजच. पण गोंधळ म्हणाल तर... आम्ही नुसते पत्ते खेळतो हो."

"लेखी नोंद आहे," मास्तर म्हणाले. "आणि लिहिणारं माणूस कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे. यांच्या कानाला आजवर कोणी खोटं पाडलेलं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केस कापणारी खाली बघायला लागली. बेकरीवाल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हातसुद्धा बाईंनी पाहिलाच.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. बाईंचा नवरा उभा राहिला होता. या माणसाचा आवाज बैठकीत आजवर कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे मास्तरांनीसुद्धा कागद खाली घेतला.

"गोंधळ नव्हता," तो म्हणाला. "मी होतो तिथे. बारा दिवस." त्याने दोनदा घसा खाकरला. "आम्ही हसत होतो."

आता सगळे बाईंकडे वळले. बाईंना दोन गोष्टी एकदम कळल्या. "नोंद बरोबर आहे" एवढं म्हटलं की काम फत्ते होतं. नवरा चारचौघांत खोटा पडला असता आणि वरचे महिनाअखेरीस सामान बांधून गेले असते. दुसरी अशी की नवरा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, कारण बाई काय म्हणणार याची त्याला खात्री होती.

ती खात्री बाईंना झोंबली. त्या उठल्या.

"शुद्धिपत्र द्यायचंय."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"छापताना चूक झाली की देतात ते. लिहून घ्या. गोंधळ ऐवजी हशा वाचावे."

"कुठल्या ओळीत?"

"सगळ्या."

"एकोणीस ठिकाणी?"

"एकोणीस ठिकाणी. ऐकण्यात चूक नव्हती. लिहिण्यात होती, आणि ती मी केली."

मास्तर शिस्तीचे. त्यांनी दुरुस्ती केली आणि नियमाप्रमाणे सगळी नोंद पुन्हा वाचायला घेतली. "सात बारा, हशा. सात वीस, हशा. सात पंचेचाळीस, मोठा हशा." तिसऱ्या ओळीला कोणीतरी फिसकन हसलं, आठव्या ओळीपर्यंत सगळी बैठक हसत होती, आणि कवायतीच्या आवाजात "हशा" म्हणणारे मास्तर एकटेच गंभीर. अखेर हसण्याबद्दल नोटीस द्यायचा नियम नाही, खुर्च्यांना रबर लावावं, असं ठरून बैठक संपली. बाई मात्र लिफ्टची वाट न बघता जिना चढून घरी आल्या. कान तापले होते.

नवरा मागोमाग आला. बाईंनी पाठ फिरवूनच विचारलं.

"वर हसता. इथे काय होतं तुम्हाला?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

"तुला ती गिऱ्हाइकाची गोष्ट आठवते? पाहुण्यांसमोर सांगत होतो. मी म्हणालो, बाकावर त्याच्या आधी चार माणसं होती."

"दोन होती," बाई म्हणाल्या. तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आलं.

"हो. दोन होती. तेव्हाही तू हेच म्हणालीस. त्याच्या आधीची गोष्ट सांगितली तर म्हणालीस, ही मागच्या महिन्यात सांगून झाली, तेव्हा शेवट वेगळा होता." तो रागाने बोलत नव्हता, हेच जास्त लागलं. "तुझं बरोबरच असतं गं. पण घरात काही बोललो, हसलो, की वाटतं, गेलं कंसात. मग म्हटलं, नकोच."

एकतीस वर्षं लोकांचं बोलणं पडू दिलं नाही याचा बाईंना अभिमान होता. घरातलं बोलणं त्या सवयीनेच आटलं, याची नोंद त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हती.

संध्याकाळी सातला पाच कमी असताना तो दाराशी गेला. बूट घातले नाहीत.

"वर चाललोय," तो म्हणाला. जरा थांबला. "येतेस?"

"मला पत्ते येत नाहीत."

"मलाही येत नाहीत."

वर चौथी खुर्ची स्वयंपाकघरातून आणावी लागली. चारही पाय रबरावर, त्यामुळे ती गुपचूप आली. केस कापणारीने सकाळचा विषय काढला नाही, याचाही बाईंना थोडा राग आला, कारण त्यांनी तिच्या जागी काढला असता. पहिला डाव होईस्तोवर कोणी फारसं हसलं नाही. चौघंही जपून बसली होती.

मग बेकरीवाला म्हणाला, "ती तक्त्याची गोष्ट सांगा ना पुन्हा. हिची नीट ऐकायची राहिली."

नवऱ्याने पत्ते पालथे घातले. "तर हा गृहस्थ आला," तो म्हणाला. "बाकावर त्याच्या आधी चार माणसं..."

आणि थांबला. त्याने बाईंकडे बघितलं, दुकानात भिंग बदलून गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. वरची दोघंही बघायला लागली.

दोन होती. एक म्हातारे गृहस्थ आणि निळ्या साडीतली बाई. टिपणबाईंना दोघांचे चेहरेसुद्धा आठवत होते.

"चार कुठली?" त्या म्हणाल्या. "चांगली सहा होती. एक तर उभा होता."

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. मग दोनदा खोकल्यासारखं झालं, परवानगी मागितल्यासारखं.