बुजवलेल्या चाकोऱ्या

गोडदेव गावाच्या मागे, जुन्या मिठागरांपलीकडे, सरकारी माळ आहे. माझा नवरा सुभाष दर रविवारी तिथे जीप घेऊन जातो, सोबत त्याच्यासारखेच चार खुळे. चिखलात गाडी घालायची आणि मग दिवसभर धूत बसायचं, याला म्हणे छंद म्हणतात. मी नाक मुरडायची. एकदा मात्र सासऱ्यांना, दाजींना, घेऊन मीही गेले.

दाजींची उमेदीची सगळी वर्षं त्या मिठागरांत राबण्यात गेली. आता पाय उचलत नाहीत. शांती नगरच्या आमच्या घरात खिडकीत बसून असतात. त्या दिवशी जीप माळावर उतरली आणि धुकं चाकांखालून वाहू लागलं. जमीन कुठे संपते, पाणी कुठे लागतं, कळेना. आम्ही सरकत होतो की आभाळ, कोण जाणे. खाडीच्या टोकाला दाजी हसले. तिथवर रस्ता नाही, जीप नसती तर ते हसू मला दिसलंच नसतं. तेव्हापासून मीही खुळ्यांत जमा.

यंदा कळलं, गाड्या जमीन उकरतात म्हणून माळाला कुंपण घालणार. आम्ही हरकत घेतली, पाहणी ठरली. फिरून झालं की चाकोऱ्या फावड्याने बुजवायच्या, ही आमची रीतच. या वेळी तर मी वर झाडूही फिरवला.

सकाळी पाहणीच्या मॅडम आल्या. माळ बघून म्हणाल्या, "इथे गाडीची खूणसुद्धा नाही. कोणी येतच नाही, तर उघडा कशाला ठेवायचा?"

सुभाषचा चेहरा पडला. मला माझ्याच झाडूचा संताप आला.

कडेला रस्त्यावर उभ्या जीपमधून दाजी बोलले, "कोन येत न्हाय? मी हाय ना. सुभाष, गाडी काढ."

जीप धुक्यात शिरली. मागे दोन ओल्या रेघा उमटत गेल्या, मग जीप दिसेनाशी झाली. पांढऱ्या धुक्यातून फक्त दाजींचं हसू ऐकू येत राहिलं.

"कोण ते?" मॅडमनी विचारलं.

"सासरे माझे. चालता येत नाही त्यांना. इथे गाडी बंद झाली की त्यांची खाडीही बंद."

मॅडम वाकून त्या रेघा बघू लागल्या. जीप परत आली, तसं सवयीने मी फावडं उचललं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "गाडी जाईल एवढं फाटक ठेवा, असं लिहिणार आहे मी. वरच्या साहेबांना दाखवायला या खुणा लागतील."

मी फावडं खाली ठेवलं. मला रडू आवरेना.