एकट्या निकेशची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी चाचणीपट्टी आहे. बोटभर लांब, पांढरी, प्लास्टिकची. माझं कामाचं आयुष्य पंधरा मिनिटांचं होतं. त्यानंतर मला फेकून द्यायला हवं होतं. फेकलं नाही, म्हणून आज रागाने बोलते आहे.

महामारीत बंद पडलेली विमानं पुन्हा सुरू करायची होती. त्यासाठी आम्हा पट्ट्यांची खोकीच्या खोकी एका मोठ्या विमानतळावर उतरली. टेबलावरचा माणूस प्रवाशाच्या नाकात काडी फिरवायचा आणि थेंब आमच्यावर टाकायचा. एक रेघ उमटली की माणूस विमानात, दोन उमटल्या की बाहेर. आमचं फार कौतुक झालं. फोटो निघाले. पण आजार अंगात नुकताच शिरला असेल तर तो आम्हाला दिसत नाही, हे तिथे कोणी कोणाला सांगितलं नाही.

गावी परतणाऱ्या निकेशच्या थेंबाने माझ्यावर एकच रेघ आली. टेबलावरचा माणूस पुढच्याला हाक मारत होता. निकेशने मला खिशात टाकलं. गावात दाखवायला पुरावा हवा होता.

भंडारा जिल्ह्यात, करडीकडच्या त्याच्या गावात वेशीवर बांबू आडवा होता. बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस शाळेत राहावं लागे. पहाऱ्यावरच्या भुपेंद्रने मला उलटसुलट पाहिलं.

"एक रेघ म्हंजे साफ ना बे? मंग जाय घरी. शाळेतले मच्छर उपाशी रायतीन आता."

निकेशचे वडील बाबूलाल यांनी मला रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. कार्ड घरामागे एक, तशी पट्टीही घरामागे एक, असं त्यांना वाटलं. निकेश दोन दिवस कणकणला आणि बरा झाला. मग त्याची आई, रंभाबाई, तापाने पडली. तपासून घेऊ का, असं तिने विचारलं.

"आपल्या घराची पट्टी हाय ना," बाबूलाल म्हणाले. "कायले रांगेत उभी रायतेस?"

मी पिशवीत होते. मला ओरडता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली, तेव्हा सगळे उपकेंद्रात धावले. तिथल्या नर्स रक्षाताईंचं खोकं दहा दिवसांपासून रिकामं होतं. विमानतळावर आम्ही हजारांनी होतो, इथे एकही नाही. पुढे मोठ्या दवाखान्यात, रिपोर्टशिवाय कोणत्या वॉर्डात घ्यायचं ते ठरेना. ते ठरेपर्यंत रंभाबाई फाटकाबाहेर ऑटोतच गेली.

तेरवी झाल्यावर बाबूलालनी मला चुलीपाशी नेलं. निकेश म्हणाला, जाळून टाका. त्यांनी जाळलं नाही. पेन मागितला आणि माझ्या पाठीवर लिहिलं : निकेश. एकट्याची. त्या दिवसापुरती.

"हे तिथं टेबलावरच लिवून देले असते," ते म्हणाले, "तं त्याइचे हात मोडले असते का?"

मित्रांनो, तुमच्या हातात कोणी अशी पट्टी दिली तर ती कोणाची आणि कधीपर्यंतची, ते आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत टेबल सोडू नका. मागची रांग ओरडेल. ओरडू द्या. मला ओरडता आलं नाही.