कठड्याची परवानगी

तीन पायऱ्या म्हणजे काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. माझ्या बाबांना विचारा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते आधाराशिवाय पायरी चढत नाहीत, आणि आमच्या दारातल्या तिन्ही दगडी, चांगल्या वीतभर उंच, वर शेवाळ धरलेल्या. "कठडा बसव, मग येतो," म्हणाले. एवढ्याशा कठड्यासाठी मी पाच महिने डोकं आपटत होते.

आम्ही राहतो सामुराईंच्या जुन्या घरांच्या गल्लीत. माझ्या नवऱ्याची, अवधूतची, कंपनी राजधानीतल्या तोयोसुला, पण काम घरूनच चालतं. म्हणून कावासाकीचं खुराडं सोडून क्यूशू बेटाच्या दक्षिणेला या लहानशा गावात आलो. दीडशे वर्षांचं घर बघून मी हुरळून गेले होते. आत काय हवं ते करा, पण रस्त्यावरून दिसेल असा खिळासुद्धा गावच्या वारसा समितीच्या परवानगीशिवाय ठोकायचा नाही, हे नंतर कळलं.

कठडा लाकडीच हवा, गडद तपकिरीच हवा. कबूल. नमुना आणा. आणला. मग गल्लीतल्या सहा घरांची संमती. इथली रीत अशी, की शिक्का मारून कागद पुढच्या घरी द्यायचा आणि शेवटच्याने तो अर्जदाराच्या दारी स्वतः नेऊन द्यायचा. मध्येच आपण मागायला जाणं म्हणजे आगाऊपणा. पाच घरं आठवड्यात झाली. सहावे समोरचे इवाकिरीसान, वय ब्याऐंशी. त्यांच्याकडे कागद जो बसला तो बसलाच.

ते रस्त्यात दिसले की मी दारातूनच वाकून विचारायची. तेही वाकायचे, "लवकरच" म्हणायचे आणि मागच्या बोळाकडे वळायचे. समितीची एक बैठक हुकली. पुढची तीन महिन्यांनी. म्हातारा मुद्दाम अडून बसलाय, असं मी अवधूतला रोज ऐकवायचे. तो आपला, इथे असंच असतं, धीर धर. धीर धर म्हणे! बाबांचं तिकीट काढून झालं होतं.

दुसऱ्या बैठकीसाठी अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी माझं डोकंच फिरलं. रीतभात गेली खड्ड्यात. त्यांचं पुढचं दार कुणी उघडेना, म्हणून मागच्या बोळातून गेले. तिथे पायरी नव्हती, फळी टाकून उतार केला होता. इवाकिरीसान उंबऱ्याशी बसून, दोन्ही हातांनी पाय उचलून एकेक बूट काढत होते.

मी कागद मागितला. त्यांनी लगेच दिला, कापडात नीट गुंडाळलेला. शिक्का होता, तारीख पाच महिन्यांपूर्वीची.

"तुमच्या पायऱ्या चढता येत नाहीत मला," ते खाली बघत म्हणाले. "दोनदा पहाटे येऊन पाहिलं. सांगायची लाज वाटली."

मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, समितीचा तर होताच. पाच महिने मी वर उभी राहून या माणसाला विचारत होते, एकदाही खाली उतरले नव्हते. तशीच धावत समितीच्या कचेरीत गेले. सव्वापाच वाजले होते, दार बंद. बाबांना फोन करून तिकीट रद्द करा म्हणून सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

मग कचेरीच्या दारातच मी कागद पहिल्यांदा नीट वाचला. सहाव्या शिक्क्यापुढे, शेऱ्याच्या जागी, कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "कठडा कृपया लवकर व्हावा. मलाही या घरी यायचं आहे."