आंबट चहाच्या बरणीला गुळाचा घास

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! खऱ्या गोष्टीचं नशीबच तसं असतं.

मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोटाने गोल, गळ्याशी अरुंद, आणि उन्हात धरलं तर किंचित हिरवी. माझा जन्म भट्टीत झाला. ती भट्टी इतकी तापायची, की दुपारी सूर्यसुद्धा आमच्या शेडमागे सावलीला येऊन बसायचा. कारागिराने नळीतून फुंकर घातली आणि मी फुगले. फुगायची सवय तेव्हापासूनची.

मनमाडला स्टेशनबाहेर एक दुकान होतं. तिथे मला कळवणकडच्या एका शेतकऱ्याने पाहिलं, टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि लेकीच्या लग्नासाठी घेतलं. लेकीचं नाव भागुबाई. लिंबाच्या लोणच्याने गळ्यापर्यंत भरून मी तिच्यासोबत सासरी आले, नाशिकला, मखमलाबादच्या अंगाला. नवरा खंडेराव. घरची फुलशेती. दारात उतरले तेव्हा जिकडे पाहावं तिकडे झेंडू होता. मला वाटलं, माझ्याच स्वागताला लावलाय.

काय दिवस होते ते! भागुबाई दरवर्षी मला धुवायची, उन्हात पालथी ठेवायची, आतून हिंगाची धुरी द्यायची. मग लोणचं भरून माझ्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधायची. त्या फडक्याला दादरा म्हणतात. तो सोडला, की वास थेट नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत जायचा आणि तिथल्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या. लोक म्हणतात, वाहतूक कोंडी. कोंडी कसली! माणसं वास घेत उभी असायची.

"भागुबाईच्या हाताला चव हाय," असं पाहुणे म्हणायचे. माझं नाव कुणी घेत नसे. पण खंडेराव जेवताना माझ्याकडे बघून हसायचा. तेवढंही मला पुरे होतं.

पुढे प्लास्टिकच्या हलक्या बरण्या आल्या आणि मला माळ्यावर टाकलं. पोटात काय, तर संपलेले सेल, शर्टाची बटणं आणि कुठल्याशा कुलपाची किल्ली. हिंगाचा वास हळूहळू उडाला. खाली फोडणी तडतडली, की मी आपली अंधारात आठवणी काढत बसायची. मित्रांनो, रिकामं असण्यापेक्षा भलतंच काही भरलेलं असणं फार वाईट.

मला खाली उतरवलं ते सून वेदिकाने. तिचा नवरा रोहित, म्हणजे भागुबाईचा मुलगा. तोवर भागुबाई म्हातारी झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात साखर. पिवळा आणि केशरी झेंडू तिला ओळखू येईना, सुई ओवता येईना. शस्त्रक्रियेची तारीख मागायला गेले, तर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणा, मग बघू."

"दसऱ्याच्या आत होईल ना पण?" भागुबाईने विचारलं.

दसरा म्हणजे झेंडूवाल्यांची दिवाळी. लग्न झाल्यापासून त्या दिवशी दाराचं तोरण तिनेच ओवलं होतं. यंदा ते दुसऱ्या कुणी ओवायचं, ही कल्पनाच तिला सोसेना.

वेदिकाने कंबर कसली. भाकरी कमी, भात बंद, बटाटा बंद. ताटात मेथी, मूग, पनीर. याला लो-कार्ब म्हणतात, असं तिने समजावलं. भागुबाईने सगळं मुकाट्याने सोसलं, पण साखरेचा चहा सुटेना.

"भाकर ने, भात ने. च्या नको नेऊ, पोरी," ती म्हणाली. "च्या नाय तर सकाळ व्हती कशी?"

मग वेदिकाने मैत्रिणीकडून एक बुळबुळीत, चकतीसारखी साय आणली. मला उकळत्या पाण्याने धुतलं, गार केलेला गोड कोरा चहा ओतला, वर ती साय सोडली आणि पुन्हा एकदा माझ्या तोंडाला दादरा बांधला. मला भरून आलं. चहाने नव्हे, आठवणीने.

"याला कोंबुचा म्हणतात, आई. आंबवलेला चहा."

रोहित हसला. "वा! साखरेचा चहा बंद आणि साखरेचं पाणी चालू?"

"अरे, ती साखर आईंसाठी नाही. ही साय जिवंत असते, साखर तीच खाते. आपल्याला उरतो नुसता आंबटपणा."

एवढंच खंडेरावच्या कानावर पडलं, आणि इथेच घोटाळा झाला. या घरात म्हातारा कधी आपल्या तोंडात घास घालण्याआधी गोठ्यात गेला नाही असं झालं नाही. आधी गाईला, मग कुत्र्याला, मग स्वतःला. आता घरात आणखी एक मुका जीव आला होता, आणि त्याला गोड लागतं, हे सुनेनेच सांगितलं होतं. मग काय! रोज पहाटे घर उठायच्या आत तो यायचा, दादरा सैल करायचा आणि म्हणायचा, "खा बाई. आमच्या म्हातारीचे डोळे तुझ्या हाती हायेत." की टपकन गुळाचा खडा माझ्या पोटात.

गुळाचा वास आला, की मला लग्नातलं जेवण आठवायचं. पण साय बिचारी किती खाणार? चहा आंबायचा खरा, पण गोडीही हटायची नाही. भागुबाई मोठा पेला भरून प्यायची आणि खूष व्हायची. "हा च्या बरा हाय गं. बरं झालं, भातासंगती ह्यो नाय नेला."

तुम्ही म्हणाल, बरणीबाई, तुम्ही सांगितलं का नाही? अहो, तोंडाला फडकं बांधलेलं! बोलणार कशी?

साखर पुन्हा तपासली, तर ती खाली येण्याऐवजी वर. डॉक्टरांनी तारीख दिली नाही. त्या दिवशी भागुबाई ओट्याशी येऊन बसली. समोर झेंडूचा ढीग होता. एक फूल उचलून तिने डोळ्यांजवळ नेलं, मग दूर धरलं, मग गुपचूप खाली ठेवलं.

"वेदिका, ह्या साली तोरण तूच ओव," ती म्हणाली.

मित्रांनो, काचेलाही पाझर फुटतो, तो मला त्या दिवशी फुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे खंडेराव गुळाचा खडा घेऊन आला. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. अंगातलं सगळं बळ एकवटलं, ओट्याच्या कडेला सरकले आणि घेतली उडी! असा आवाज झाला, की गंगेवरची, म्हणजे आमच्या गोदावरीवरची, कबुतरं उडाली आणि देवळांतल्या घंटा आपोआप वाजल्या. माझे तुकडे तुकडे झाले. घरभर चहा. घर धावत आलं आणि बघतं तर काय, म्हाताऱ्याच्या हातात गूळ!

"बाबा!" वेदिका किंचाळली. "रोज टाकता?"

"मुका जीव हाय," तो पुटपुटला. "उपाशी कसा ठेवू?"

भागुबाई रागावली नाही. नुसती म्हणाली, "चाळीस वर्सं मला कधी घास भरवला नाय. आन ह्या सायीला?"

मग वेदिका आहारतज्ज्ञ साधनाताईंकडे गेली. आंबवलेला चहा लो-कार्बमध्ये बसतो की नाही, असं सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, "बसतो, पण तो बसवावा लागतो. साखरेशिवाय तो आंबत नाही आणि आंबला तरी साखर पार संपत नाही. चांगला आंबट झालेला, लहानसा पेला, आणि तोही दिवसाच्या हिशेबात धरून. गूळ किंवा फळांचा रस घातला, की ते सरबतच झालं. आणि तुमच्या सासूबाईंनी तर तो तूर्तास घेऊच नये. तो काही औषध नाही. बिनसाखरेचा चहा द्या."

भागुबाईने तोंड वाकडं करत का होईना, तो फिका चहा घेतला. साखर उतरली. दसऱ्याच्या आधी एका डोळ्याचं काम झालं आणि आज दाराचं तोरण तिनेच ओवलं, पिवळं एक, केशरी एक, असं नीट.

म्हणून मित्रांनो, हात जोडून एक विनंती. कुणाच्या पथ्यात मायेने काही घालायचं असेल, तर आधी विचारा. आणि घरातल्या जुन्या भांड्यांना जपा. त्यांच्यातली एखादी बरणी तुमच्या डोळ्यांसाठी उडी घेते, ओट्यावरून खाली पडून तिचा चुरा होतो, आणि...

"ए बाई, पुरे!" तोरणाचा दोरा दाताने तोडत भागुबाई म्हणाली. "उडी म्हणं! त्या पहाटे टपकन आवाज ऐकला मी, आन अंधारात म्हाताऱ्याचा हात मी धरला. तू जागची हललीबी नाय. आन तुझा चुरा झाला, तर मंग आज सकाळी घासून-पुसून उन्हात पालथी घातली, ती कोण?"