पहिल्या भागातली

टाक घामाने गळ्याला चिकटला होता. नखाएवढा, चांदीचा... त्यावर ठोकलेल्या बाईला नाक नाही, डोळे नाहीत, नुसता साडीचा आकार. विनिताने तो बोटाने सोडवला आणि सवयीने पदराआड सारला, कारण समोर सेजल बसली होती. सवतीचा टाक. लग्नात सासूबाईंनीच गळ्यात घातलेला. नवी साडी आधी हिला दाखवायची, मग आपण नेसायची. मेलेलीचा मान आधी. तक्रार तरी कोणाकडे करणार, टाकाकडे?

टीव्हीवर घोडे उधळत होते. सगुणच्या लाडक्या काउबॉय सिनेमाचा इतक्या वर्षांनी आलेला दुसरा भाग, हिंदीतून. पहिला भाग तो आणि दिपाली, त्याची पहिली बायको, सीडी लावून पुन्हा पुन्हा पाहायचे, लहानग्या सेजलला मांडीवर घेऊन... हे शेजारणीने सांगितलेलं. सगुण दिपालीचं नावही काढत नसे.

आणि सेजल? विनिताला कोरगावच्या या घरात येऊन तीन वर्षं झाली, पोरीने तिला अजून हाक मारली नव्हती. भात हवा असला की ‘भात जाय,’ म्हणायची, भिंतीकडे बघून. आई नको म्हणूस, मावशी म्हण, नुसतं नाव घे... पण एकदा हाक मार गं बाई.

पडद्यावर नायक घरी परतला. दारात त्याची बायको.

“पप्पा, ही ती न्हय!” सेजल ओरडली.

“तीच गो,” सगुण म्हणाला. “बायल तीच. नटी तेवडी बदलली.”

काजूच्या बोंडूंची बी पिरगळून काढणारे विनिताचे हात थांबले. नायकाने नव्या बाईला जुन्याच नावाने हाक मारली, पोरं तिला बिलगली, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. किती सोपं! मला असं का नाही जमलं... तिला त्या नटीचा हेवा वाटला.

“तिका कोणूच कसो सोदिना?” सेजल हळूच म्हणाली.

सगुणने टीव्हीचा आवाज वाढवला.

खरंच, पहिलीला कोणीच शोधत नव्हतं. विनिताला रडू आलं, आणि नवल म्हणजे स्वतःसाठी नाही. तीन वर्षं मी हिला गळ्यात घालून फिरते — आणि ही हसायची कशी, हेसुद्धा कधी विचारलं नाही.

हात पुसून ती सेजलजवळ बसली, जरा अंतर ठेवून.

“सेजल, तुझ्या आवयक पिक्चरातला काय आवडायचा गो?”

सेजलने नेहमीसारखं भिंतीकडे पाहिलं. मग टाकाकडे. विनिताने तो पदराआड सारला नाही. त्या बिननाकाच्या बाईत पोर काहीतरी शोधत राहिली, आणि विनिताला वाटलं, थोडा वेळ आपण इथे नसलो तरी चालेल.