चौऱ्याऐंशी वजनं

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक दोन पाली घेऊन घरी आला, तेव्हा त्याची बायको केरसुणी घेऊन दारातच उभी राहिली. तीस वर्षं आपण ज्यांना बाहेर हाकलत आलो त्या आता पिशवीत बसून आत का येताहेत, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"या वेगळ्या आहेत," निरीक्षक म्हणाला. "यांना भिंतीवर चढता येत नाही."

मग हाकलायला सोप्या जातील, असं म्हणून ती बाजूला झाली.

पाली लेपर्ड गेको जातीच्या होत्या. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके आणि डोळ्यांना चक्क पापण्या. निरीक्षक ज्या सलूनमध्ये जायचा, त्याच्या मालकाने त्या गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी काचेच्या पेटीत गुलाबी वाळूवर ठेवल्या होत्या. खायला तो कोबी घालायचा. पालींनी कोबीला तोंड लावलं नाही, तेव्हा त्यांचं पोट भरलेलं आहे असा त्याने निष्कर्ष काढला. स्वभावाने फार शांत आहेत, असं तो कौतुकाने सांगे. उपाशी माणूसही काही दिवसांनी शांत होतो, हे निरीक्षकाने त्याला सांगितलं आणि पेटी मागून घेतली. मालकाने आनंदाने दिली. त्याला तिथे मासे ठेवायचे होते.

निरीक्षकाने मोठ्या नराचं नाव ठोक ठेवलं आणि लहान मादीचं किरकोळ. ठोक किरकोळच्या उबेच्या जागेवर बसून राहायचा. तिच्या बोटांवर न निघालेली जुनी कात दोऱ्यासारखी आवळली होती, आणि शेपूट, जिच्यात या जातीची सगळी चरबी साठते, ती पेन्सिलीएवढी झाली होती.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगळं करायला सांगितलं. वाळू पोटात जाऊन अडकते, म्हणून ती फेकून कागद अंथरायचा. पेटीची एक बाजू उबदार ठेवायची आणि एका डबीत ओला कागद घालायचा, म्हणजे कात सुटते. अळ्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायच्या, आणि वजनावर लक्ष ठेवायचं.

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी चुकीच्या माणसाला सांगितलं.

बाकीचं सगळं निरीक्षकाने नीट केलं. कोमट पाण्यात शेक देऊन, ओल्या कापसाच्या काडीने त्याने किरकोळच्या अठरा बोटांवरची कात सोडवली. दोन बोटं आधीच गेलेली होती. अळ्यांचं खातं बायकोकडे आलं. जन्मभर पीठ चाळून जे किडे तिने फेकले, त्यांच्याच भाऊबंदांना ती आता कोंड्याच्या डब्यात गाजराच्या चकत्या घालू लागली. नवऱ्यापेक्षा यांचं जेवणात लक्ष असतं, असं तिने शेजारणीला सांगितल्याचं निरीक्षकाच्या कानावर आलं.

ठोक पहिल्याच आठवड्यात अळ्यांवर तुटून पडला. किरकोळ मात्र डबीतून बाहेर येईना. चोवीस ग्रॅमची तेवीस झाली, तेविसाची बावीस. निरीक्षकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि शंका आली की काय करायचं हे त्याला नोकरीने शिकवलं होतं: पुन्हा मोजायचं.

दोन आठवड्यांनी तो वही घेऊन दवाखान्यात गेला. सोबत बायको होती. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि बराच वेळ मिटली नाही.

"काका, या चौऱ्याऐंशी नोंदी आहेत. एकट्या किरकोळच्या."

निरीक्षकाने विनयाने खुलासा केला. एकदा घेतलेलं वजन हे वजन नव्हे. तीनदा घ्यायचं आणि सरासरी काढायची. तीही सकाळ-संध्याकाळ.

"म्हणजे रोज सहा वेळा तिला उचलून ताटलीत ठेवता. तुम्हाला कुणी असं केलं, तर तुम्ही जेवाल का?"

"हे जेवतील," बायको म्हणाली.

पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दहा दिवस तिला हातही लावू नका, म्हणाल्या. तोवर खायला लागली तर उत्तम. नाहीतर नळीने भरवावं लागेल, आणि इतक्या अशक्त जिवाला ते सोसेल याची खात्री देता येणार नाही.

सलूनवाल्याने न बघून तिला उपाशी ठेवलं आणि आपण बघून बघून, एवढाच काय तो फरक, असं परतताना निरीक्षकाला वाटत होतं. बायकोने घरी आल्याबरोबर त्याचा ग्रॅम मोजणारा नाजूक काटा कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. कपाटाबाहेर उरला फक्त स्वयंपाकघरातला ढोबळ काटा. त्यावर तिसऱ्या दिवशी निरीक्षकाने बिस्किटांचा पुडा तोलला, तो हलका भरला, आणि कंपनीला तीन पानी पत्र गेलं. तेवढाच जिवाला विरंगुळा.

रोज दिवेलागणीला बायको अळ्यांची वाटी पेटीत ठेवी आणि दोघं चार हातांवर स्टुलांवर बसत. सहा संध्याकाळी वाटी तशीच परत आली. सातव्या दिवशी डबीच्या तोंडाशी आधी नाक दिसलं, मग पिवळं डोकं. किरकोळ बाहेर आली, वाटीपाशी थांबली. शेपटीचं टोक थरथरलं.

"हे काय करतेय ती?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"नेम धरतेय," निरीक्षक म्हणाला.

किरकोळने झडप घातली, चुकली, दुसऱ्यांदा घातली आणि अळी तोंडात घेऊन मान वर केली. सावकाश चावली. मग जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला आणि दुसऱ्या अळीकडे वळली. चौथ्या अळीला बायकोने निरीक्षकाच्या मनगटावर हात ठेवला. त्याची बोटं हिशेबाला लागली होती.

"मोजू नका," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर किरकोळ सव्वीस ग्रॅम भरली. शेपूट बुडाशी जाड व्हायला लागली होती. काटा सपाट जागेवर आहे का, त्यावर पडताळणीचा शिक्का आहे का, हे विचारायचं निरीक्षकाला सुचलं नाही. ते त्याला घरी आल्यावर, अळ्यांसाठी गाजर चिरताना आठवलं. त्याने क्षणभर सुरी थांबवली, मग बायकोला विचारलं की चकत्या पातळ हव्यात की जाड. पातळ, ती म्हणाली, काही अळ्यांचे भुंगे झालेत आणि पिल्लं झालीत त्यांना. डब्यात डोकावून बघितलं तर खरोखरच झाली होती, कोंड्यात वळवळत, आणि किती आहेत ते कुणालाच सांगता आलं नसतं.